शेताच्या फाटकाशी टांगती पाटी: निवड, खांब आणि पक्की जोडणी

चार बाय दोन फुटांची पाटी पत्र्याची असो की सागवानी, तिचं वजन पंचवीस किलोंच्या पुढे क्वचितच जातं. तेवढं वजन कुठलाही खांब पेलतो. पाटी पाडतो तो वळवाचा वारा. इमारतींसाठी वाऱ्याचा वेग ठरवणाऱ्या आयएस ८७५ (भाग ३) या भारतीय मानकात पुणे आणि नाशिकसाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, मुंबई आणि नागपूरसाठी ४४ मीटर धरलाय. ३९ मीटरला चार बाय दोनच्या पाटीवर सुमारे ७० किलोंचा रेटा येतो, ४४ ला ९० च्या आसपास, आणि पाटीच्या कडांमुळे प्रत्यक्षात त्याहून थोडा जास्तच. खांब, साखळी, बोल्ट सगळं या रेट्याच्या हिशेबाने घ्यायचं.

फाटकावर आडवी कमान उभारून मधोमध पाटी टांगायची हौस अनेकांना असते. उसाची भरलेली ट्रॉली, कडब्याची गाडी, कधीमधी हार्वेस्टर येणाऱ्या वाटेवर ती नको. कमान करायचीच असेल तर खालून १६ फूट मोकळे सोडा. पण त्यापेक्षा वाटेच्या एका अंगाला खांब रोवून, वाटेवर न येणारा आडवा हात काढून त्याला पाटी लटकवणं कितीतरी चांगलं. खर्च कमी, दुरुस्तीला शिडी पुरते, आणि ट्रॉलीचा धक्का लागत नाही. जागा स्वतःच्या हद्दीत, विजेच्या तारांपासून चांगली लांब निवडा. तारेखाली लोखंडी पाइप उभा करताना तो नुसता तारेजवळ गेला तरी जीव जाऊ शकतो.

पाटीचं तोंड रस्त्याला काटकोनात ठेवा. रस्त्याला समांतर लावलेली पाटी अगदी समोर आल्यावरच वाचता येते, तोवर पाहुण्यांची गाडी पुढे निघून जाते. काटकोनात लावली की ती दोन्हीकडून दिसते, म्हणून अक्षरंही दोन्ही बाजूंना हवीत. पत्र्यात आरपार कापलेली नक्षीदार पाटी इथेच फसते, कारण मागून नाव उलटं दिसतं. शिवाय आरपार कापताना अक्षराच्या पोटातला तुकडा गळून पडतो. ‘चिंचमळा’ हे नाव घ्या. ‘म’च्या पोटातला चौकोन आणि ‘ळ’चे दोन्ही डोळे सुटतात. ते धरून ठेवायला आराखड्यातच बारीक पूल सोडावे लागतात आणि अक्षर विद्रूप होतं. त्यापेक्षा २ मिमी पत्र्याचा पाया, कडेने २५ बाय २५ मिमी चौकोनी पाइपची चौकट आणि दोन्ही अंगांना वेगळी कापलेली अक्षरं बोल्टने बसवा. शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकसंध राहतो, फक्त ‘चिं’वरचा अनुस्वार सुटा असतो. त्याला स्वतःचा बोल्ट द्या, नाहीतर पहिला हरवतो तो तोच.

आरामात वाचता यावं म्हणून दर दहा फुटांना एक इंच उंचीचं अक्षर धरतात. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजा, वेलांटी-उकाराची जागा वेगळी सोडा. नऊ इंचांचं अक्षर ९० फुटांवरून वाचता येतं, म्हणजे ताशी ४० च्या वेगाने येणाऱ्याला अडीच सेकंद मिळतात. नाव मोठं असेल तर गावाचं नाव, फोन नंबर, ‘प्रो.प्रा.’ हे सगळं गाळा. रात्रीसाठी अक्षरांवर रेडियमची पट्टी पुरते.

सागवानी पाटी सुंदर दिसते, पण पावसाळ्यात फुगते आणि उन्हात आकसते. वरच्या कडेत आकड्याचा स्क्रू पिळून ती कधीही टांगू नका, दोन पावसाळ्यांत आटे सैल होतात. पुढून-मागून लोखंडी पट्टी घेऊन आरपार १० मिमी बोल्ट टाका, भोक मिलीमीटरभर मोठं ठेवा आणि फळीच्या दोन्ही डोक्यांना तेलाचे वा पॉलिशचे जादा हात द्या. पाणी तिथूनच शिरतं.

खांबाला तीन इंची ‘बी’ क्लास (मध्यम जाडीचा) जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पाइप, १३ फूट लांब: ३ फूट जमिनीत, १० वर. खालच्या टोकाला १२ मिमीची फूटभर सळई आडवी वेल्ड करा. लांब हातावरची पाटी वाऱ्यात खांबाला पिळते, आणि गुळगुळीत पाइप काँक्रीटमध्ये हळूहळू फिरतो. खड्डा दोन बाय दोन, तीन फूट खोल. काळ्या मातीत मुरूम लागेपर्यंत खाली जा, कारण ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ पाया तिच्याबरोबर हलतो. १:२:४ च्या (सिमेंट, वाळू, खडी) मालाला सव्वादोन ते अडीच पोती सिमेंट लागेल. माथा जमिनीच्या दोन इंच वर, चहूबाजूंना उतार देऊन काढा. पाइपचं वरचं तोंड टोपी वेल्ड करून बंद करा, नाहीतर पाणी साचून आतून गंजतो आणि गांधीलमाश्या घर करतात. सात दिवस पाणी मारा, तोवर काही टांगू नका.

हात दोन इंची पाइपचा, पाच फूट, जमिनीपासून सव्वानऊ फुटांवर, वरून तिरकी पट्टी देऊन ताणलेला. पाटीचा तळ सात फुटांवर येतो, कुणाच्या डोक्याला लागत नाही. वेल्डिंगच्या जागी जीआयचा जस्ताचा थर जळतो, तिथे झिंक प्रायमर लावल्याशिवाय रंग चढवू नका. पाटी चढवण्याआधी साखळ्यांच्या जागी प्रत्येकी एक सिमेंटचं पोतं टांगून अर्धा तास ठेवा. हात वाकला किंवा खांब कलला, तर ते तेव्हाच कळलेलं बरं. कोकणात वानरं पाटीला लोंबकळतात, तिथे ही परीक्षा टाळूच नये.

आता टांगणी. उघडा आकडा वापरू नका, झटक्यासरशी कडी उडून बाहेर येते. हातावर बंद कडी वेल्ड करा, ८ मिमीची जस्ती साखळी तीनच कड्यांची ठेवा आणि डी-शॅकलने (पिनेने बंद होणाऱ्या ‘डी’ आकाराच्या कडीने) जोडून त्याची पिन तारेने बांधा. साखळी लांब असली की पाटी जास्त झुलते आणि कड्या एकमेकींना घासून झिजतात. पाटीच्या खालच्या, खांबाकडच्या कोपऱ्याला एक सैल साखळी खांबाशी बांधली की पाटी उलटून हातावर आपटत नाही. सगळीकडे नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले, हादऱ्याने सैल न होणारे. समुद्राजवळ नट-बोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या आणि जस्ताशी भिडतात तिथे नायलॉनचे वॉशर घाला.

खांब न रोवता विटांच्या किंवा जांभ्याच्या खांबाला हात लावायचा असेल तर फुगणारे फास्टनर टाळा. जांभा मऊ, तो फुटतो. आरपार बोल्ट टाकून मागे पट्टी द्या. चिंचेच्या किंवा आंब्याच्या फांदीला तार गुंडाळून पाटी टांगू नका, फांदी जाड होते तशी तार सालीत रुतते आणि पुढचा भाग वाळतो.

वळीव मार्च-एप्रिलमध्येच सुरू होतो, म्हणून तपासणी होळीच्या आसपास करा आणि दिवाळीनंतर पुन्हा एकदा. कड्यांचा घासणारा भाग हाताने चाचपा: ८ मिमीची कडी ६ वर आली असेल तर दोन्ही बाजूंच्या साखळ्या एकदमच बदला.