बारावीच्या निकालाआधी फाइल लावून ठेवा

सीईटीच्या अभ्यासात कागदपत्रं मागे पडतात आणि मग जूनमध्ये सेतू केंद्रासमोर रांग. आरक्षणातून प्रवेश हवा असेल तर जात पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत टाका. त्याला जुने पुरावे लागतात. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला गावातून काढायचा तर दोन-तीन खेपा ठरलेल्या. नॉन-क्रीमीलेअर दाखल्यावर (आरक्षणासाठी उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला) मुदतीचा ३१ मार्च कोणत्या सालाचा आहे तेवढं बघा, मुदत संपलेला चालत नाही. मुलाचं नाव दहावीच्या मार्कशीटवर आणि आधारवर अक्षरन् अक्षर जुळतंय ना? आमच्याकडे एका जादा ‘एच’ने आठवडा खाल्ला. आणि इंजिनिअरिंगच्या कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, पहिल्या पसंतीला गंमत म्हणून कॉलेज टाकू नका, मिळालं तर तेच घ्यावं लागतं.