दहावीला इंग्रजी शिकवताय? या चुका टाळा

मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीचं इंग्रजी मिळालं की नव्या शिक्षकाला पहिल्याच आठवड्यात घाई सुटते. दिवाळीपर्यंत पोर्शन संपवायचा, प्रश्नोत्तरं लिहून द्यायची आणि मग नुसते सराव पेपर. २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे, तेव्हा पोरांना वाचता येतच असणार, असं त्याने धरलेलं असतं. कित्येकांना येत नसतं. अक्षरं येतात, वाक्य हाती लागत नाही.

या घाईतली माझी नावडती चूक म्हणजे ओळीओळीचा अर्थ सांगत कविता 'घेणं'. एक ओळ इंग्रजीत वाचायची, लगेच मराठीत सांगायची, पोरांनी पेन्सिलीने वर अर्थ लिहायचा, पुढची ओळ. वर्ग शांत असतो, व्हरांड्यातून जाणारे मुख्याध्यापकही खूश होतात.

आमच्याकडे एक शिक्षणसेवक आले होते. इंग्रजी उत्तम, कष्टाळू माणूस, पाठ टाचण तर मोत्यासारख्या अक्षरात. त्यांनी टागोरांची 'व्हेअर द माइंड इज विदाउट फिअर' अशीच घेतली. शेवटच्या ओळी यायच्या आत घंटा झाली. दुसऱ्या दिवशी उरलेलं घाईघाईत उरकून थेट प्रश्नोत्तरं. पूर्वपरीक्षेत अर्ध्याहून जास्त वर्गाने लिहिलं की आपल्या देशात सगळे निर्भय आहेत, ज्ञान मोफत मिळतं, म्हणून कवीला देशाचा अभिमान वाटतो. नेमकं उलटं! इंग्रजी 'गीतांजली' आली १९१२ साली, देश पारतंत्र्यात. कवी इथे जे नाही ते मागतोय, आणि पोरांनी त्याचं मागणं आभारपत्र करून टाकलं.

ते पोरांवर चिडले. स्टाफरूममध्ये 'यांना काही झेपतच नाही' वगैरे ऐकवून झालं. पोरांचं काय चुकलं? अख्खी कविता म्हणजे एकच वाक्य आहे. 'व्हेअर'ने सुरू होणारी सात उपवाक्यं एकामागून एक येतात आणि मुख्य क्रियापद उगवतं ते थेट शेवटच्या ओळीत: 'लेट माय कंट्री अवेक'. प्रत्येक ओळ सुटी करून सांगितलीत की सात वेळा 'जिथे' ऐकू येतं आणि 'तिथे' येईपर्यंत तास संपलेला असतो. पोरांनी हातात आलं त्याचा अर्थ लावला.

माझी सवय अशी. पुस्तकं मिटून ठेवायला सांगतो आणि पूर्ण कविता दोनदा वाचतो, मध्ये एकही मराठी शब्द नाही. मग शेवटची ओळ सगळ्यात आधी फळ्यावर लिहितो. कोण मागतंय? कोणाकडे? कोणासाठी? एवढं वर्गाकडून आलं की मग वरून सुरुवात. त्यानंतर मराठीत हवी तितकी चर्चा करा. 'इंग्रजीच्या तासाला मराठी बंद' असला दंडक घालणाऱ्यांचा वर्ग फक्त गप्प बसायला शिकतो. यात एक तास जास्त जातो. जाऊ दे. पुढे जादा तास घेऊन तेच पुन्हा सांगण्यापेक्षा स्वस्त पडतो.

याच कवितेच्या रसग्रहणात 'राइम स्कीम' म्हणून बेधडक 'एएबीबी' लिहिलेले पेपरही मी तपासलेत. मुक्तछंदाला यमकांची रचना! डायजेस्टमधला साचा पाठ केला की दुसरं काय होणार. पाठ करायच्या आधी ओळींचे शेवटचे शब्द मोठ्याने वाचायला लावा, कानालाच कळतं.

पाळीपाळीने वाचन: एक पोरगं अडखळतं, उरलेली स्वतःचा परिच्छेद कुठला येणार ते मोजत बसतात. जोड्या करून वाचायला लावा. गोंगाट होतो, होऊ द्या.

आता लाल पेन. निबंधाच्या वहीत प्रत्येक चुकीखाली रेघ मारून पान रक्तबंबाळ करणाऱ्यांना वाटतं आपण फार मन लावून तपासलं. पोरगं फक्त गुण बघतं आणि वही दप्तरात कोंबतं. मी एका वेळी एकच चूक धरतो. या पंधरवड्यात 'आय डिड नॉट वेंट', पुढच्या पंधरवड्यात 'ही गो टू स्कूल'. बाकीच्या चुका दिसूनही सोडतो, हात शिवशिवत असला तरी. आणि चूक दुरुस्त करून देत नाही, समासात खूण करतो, शोधायची त्याने. 'ए', 'ॲन', 'द' या तिघांना मात्र शेवटी ठेवतो. मराठीत ती भानगडच नाही, त्यामुळे ती सवय व्हायला वर्षं लागतात. ती आधी धरून बसलात तर पोरगं दोन ओळी लिहायचंही बंद करेल.

लेखी ८० झाले की उरलेले २० गुण शाळेच्याच हातात असतात, त्यामुळे तोंडी परीक्षेचे आकडे एका दुपारी बसून भरले जातात. सगळ्यांना अठरा, हुशारांना वीस. मी ऑगस्टपासूनच दर शनिवारी चार-पाच जणांना टेबलाजवळ बोलावतो आणि काहीही विचारतो: सकाळी काय खाल्लं, एसटी का चुकली, बैलाचं नाव काय. उत्तर मोडकंतोडकं असलं तरी पूर्ण वाक्यात हवं. नुसतं 'येस सर' म्हणणाऱ्याला पुढच्या शनिवारी पुन्हा बोलावणं येतं.