दीड एकरासाठी जुना मिनी ट्रॅक्टर कसा निवडावा

पहिला पाऊस होऊन वाफसा आला, की आमच्या पुरंदरात भाड्याचा ट्रॅक्टर मिळणं अवघड होतं. ट्रॅक्टरवाला आधी पाच-सात एकरवाल्याकडे जातो. त्यात त्याचं काही चूक नाही. एका जागचं दिवसभराचं काम सोडून तो आमच्या तुकड्यात कशाला येईल? आपला नंबर लागेपर्यंत रान वाळतं आणि ढेकळं निघतात. म्हणून सासवडजवळच्या आमच्या साठ गुंठ्यांसाठी आम्ही जुना मिनी ट्रॅक्टर घेतला.

पहिला घेताना चुकलो. ताजा रंग, नवं सीट, चकचकीत बॉनेट बघून पैसे मोजले आणि दोन महिन्यांत गिअरबॉक्सचं ऑइल ताकासारखं पांढरं झालं. मग कळलं, की तो ट्रॅक्टर कित्येक पावसाळे भातखाचरात चिखलणी करत होता. दुसरा घेताना मशीन बघायच्या आधी मालकाला विचारलं, की ह्याने आजवर काय काम केलं. तो ट्रॅक्टर आजही आमच्याकडे आहे. थोडी जमीन असलेल्या कुणालाही माझं पहिलं सांगणं हेच राहील.

आधी रान मोजा, मग एचपी ठरवा

३ फुटी रोटाव्हेटर (आम्ही त्याला रोटर म्हणतो, माती भुसभुशीत करणारं अवजार) ताशी दोन किलोमीटरने चालला, तर कागदावर तासाला साधारण १८ गुंठे होतात. वळणं, कोपरे, एकावर एक येणारे पट्टे धरले की हातात १२-१३ गुंठे राहतात. म्हणजे दीड एकराची एक पाळी जवळजवळ पाच तासांची. वर्षात अशा पाच-सहा पाळ्या, थोडं सरी पाडणं, थोडी फवारणी, शेणखताच्या दोन-चार खेपा धरल्या तरी वर्षाला साठ-सत्तर तासांच्या फार पुढे काम जात नाही. ह्याचा अर्थ असा, की २,००० तास चाललेला पण नीट सांभाळलेला ट्रॅक्टर तुमच्याकडे कित्येक वर्षं सहज काढेल. नुसत्या कमी तासांच्या मीटरसाठी जास्त पैसे मोजू नका.

११ गुंठ्यांचा फार्महाऊस प्लॉट असेल तर ट्रॅक्टर घेऊच नका. गवतासाठी ग्रास कटर आणि वर्षातून दोनदा भाड्याचा रोटर पुरतो. अर्ध्या-पाऊण एकरात भाजीपाला असेल तर आधी पॉवर टिलर बघा. एकराच्या पुढे गेलात, की मिनी ट्रॅक्टरचा विचार करण्यात अर्थ आहे.

आंतरमशागत, सरी आणि ३ फुटी रोटरला १५ ते १८ एचपी चालतो. भारी काळी जमीन असेल, पलटी नांगर ओढायचा असेल किंवा फळबागेत फवारणीचा ब्लोअर चालवायचा असेल तर २४ ते २८ एचपीकडे जा. बोलताना सांगतात तो इंजिनाचा एचपी असतो. रोटर आणि ब्लोअर चालतात पीटीओवर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टवर, आणि तिथे मिळणारी ताकद इंजिनापेक्षा कमी असते. म्हणून थोडा वाव ठेवा.

मग टेप घेऊन बागेत जा. दोन ओळींमधली मोकळी जागा मोजा, आणि ती झाड लावलं तेव्हाची नको, आज फांद्या पसरल्यावर उरलेली हवी. अंजीर आणि सीताफळाच्या फांद्या खाली वाकतात. बॉनेटवरचा उभा सायलेन्सर त्यात अडकतो. ट्रॅक्टर बघायला जाताना हे मोजमाप खिशात असू द्या. रोटरची रुंदी मागच्या टायरांच्या बाहेरच्या कडांइतकी तरी हवी, नाहीतर टायरखाली दाबलेली माती तशीच राहते.

सुटे भाग कुठे मिळतात?

महिंद्रा युवराज २१५ आणि स्वराज ७१७ हे दोन्ही १५ एचपीचे, एका सिलिंडरचे. हादरतात जास्त, पण रचना साधी आहे आणि गावातल्या मिस्त्रीलाही जमतात. कुबोटाचा निओस्टार ए२११एन २१ एचपीचा, तीन सिलिंडरचा आणि फोर व्हील ड्राइव्ह, चालायला मऊ. व्हीएसटी शक्तीचा एमटी १८०डी हाही तीन सिलिंडरचा. आयशर २४२ मध्ये २५ एचपीचं एकच सिलिंडर आहे आणि ते हवेवर थंड होतं, त्यामुळे रेडिएटरची भानगड नाही. पण अंग रुंद आहे, दाट बागेत तो घालू नका. आपल्या आकुर्डीच्या फोर्स मोटर्सचे छोटे ट्रॅक्टरही बाजारात दिसतील. कंपनीने मार्च २०२४ अखेर ट्रॅक्टरचा व्यवसाय बंद केला, तेव्हा तो घेण्याआधी भागांची खात्री करून घ्या.

कोणत्याही मॉडेलसाठी मी एकच परीक्षा लावतो. तालुक्याच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात फोन करून तीन वस्तू विचारायच्या: क्लच प्लेट, हायड्रॉलिक पंपाचं सील किट आणि पुढच्या हबचं ऑइल सील. ‘आहे’ म्हणाले तर मॉडेल यादीत राहतं. ‘मागवावं लागेल’ म्हणाले तर ऐन हंगामात तुमचा ट्रॅक्टर किती दिवस उभा राहील, ते तिथेच समजतं.

त्याने आधी काय केलं?

दसरा आणि पाडव्याला लोक नवे ट्रॅक्टर घेतात आणि जुने एक्स्चेंजमध्ये शोरूमच्या मागे येऊन उभे राहतात. त्यानंतरच्या महिन्यात निवड मोठी असते. पण शक्य असेल तर शेतकऱ्याच्या दारातूनच घ्या, कारण तिथे ट्रॅक्टरबरोबर त्याचं रान, त्याची अवजारं आणि ते चालवणारा माणूसही बघायला मिळतो. एजंटाकडून घेत असाल तर आधीच्या मालकाशी फोनवर तरी बोला.

मावळ, मुळशी, वेल्हे, भोरकडच्या भातपट्ट्यातला असेल तर चिखलणीचं विचारा. खाचरात हब आणि क्लच हाऊसिंगपर्यंत चिखलाचं पाणी येतं. सील गेलेलं असलं की ते आत शिरतं आणि बेअरिंग, गिअर खातं. गिअरबॉक्सचा आणि पुढच्या एक्सलचा खालचा बोल्ट सैल करून थोडं ऑइल बाटलीत घ्या. आधी पाणी येतंय का, ऑइल दुधाळ आहे का, त्यात चमकणारा भुगा आहे का ते बघा. मालक हे करू देत नसेल तर तिथूनच परत फिरा. मी पहिल्या वेळी एवढं एक काम केलं असतं तर पैसे वाचले असते.

बारामती-इंदापूरच्या उसातून आलेला असेल तर तो सरीतून बाळबांधणी, मोठी बांधणी (उसाला मातीची भर) करत राबलेला असतो. मीटरवरचे तास बहुतेक रोटर फिरवण्यातच गेलेले असतात, म्हणून पीटीओ आणि क्लच कसून तपासा. जुन्नर-नारायणगावच्या द्राक्षबागेतला असेल तर वर्षानुवर्षं ब्लोअर ओढलेला असतो, आणि फवारणीतलं मोरचूद लोखंड खातं. मडगार्डच्या आतल्या बाजूला, सीटखाली, वायरींच्या टोकांना निळसर-हिरवे डाग आणि गंज दिसतो. इंजिन ठणठणीत असूनही वायरिंग पूर्ण बदलावं लागलेला असा एक ट्रॅक्टर आमच्या शेजाऱ्यांनी घेतला होता.

सगळ्यांत वाईट मी विटा-वाळूच्या ट्रॉलीला जुंपलेला समजतो. छोट्या ट्रॅक्टरवर तो भार क्लच, ब्रेक आणि मागच्या एक्सलवर येतो. मागच्या हुकाचं भोक गोल न राहता अंड्यासारखं लांबट झालंय का बघा. तसं असेल तर मालक काहीही सांगो, ट्रॉली भरपूर ओढलेली आहे.

सकाळी लवकर जा, इंजिन थंड असताना

आदल्या दिवशी सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत चालू करू नका, आणि पोचल्यावर बॉनेटखाली हात लावून बघा. गरम लागलं तर थांबा आणि कारण विचारा. थंड इंजिन एक-दोन सेल्फमध्ये उठायला हवं. सुरुवातीला थोडा पांढरा धूर येऊन थांबला तर काळजी नाही. येतच राहिला तर नोझल, कंप्रेशन किंवा आत जाणारं पाणी ह्यांपैकी काहीतरी आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, आणि ते सरळ इंजिन उघडायचं काम. ओझ्याखाली काळा धूर थोडा चालतो. बिनओझ्याचा काळा आला तर एअर फिल्टर आणि पंप-नोझल बघावं लागेल.

इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण जपून सैल करा. तिथून भकाभका वाफारे येत असतील तर पिस्टन-रिंग झिजल्यात. रेडिएटरचं झाकण मात्र थंड असतानाच उघडा. पाण्यावर तेलकट तवंग असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. क्लच हाऊसिंगवर वेल्डिंगची रेघ दिसते का ते वाकून पाहा. मीटरपेक्षा पेडलवर विश्वास ठेवा: ९०० तास दाखवणाऱ्या ट्रॅक्टरचं क्लच पेडल झिजून गुळगुळीत झालं असेल तर मीटरची वायर मध्येच कधीतरी तुटलेली आहे.

त्यानंतर रोटर जोडून अर्धा तास रानात चालवा. हे टाळू नका, कारण पंप कमजोर असेल तर तो ऑइल गरम होऊन पातळ झाल्यावरच कळतो. परत आल्यावर रोटर पूर्ण उचला, लिव्हर वरच ठेवून इंजिन बंद करा, जमिनीपासूनचं अंतर टेपने मोजा आणि दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. थोडा उतरला तर चालेल. जमिनीवर टेकला तर लिफ्टचं काम आहे. त्या दहा मिनिटांत कुणालाही त्याच्या खाली हात घालू देऊ नका.

क्लचसाठी मोकळ्या जागी वरचा गिअर टाका, ब्रेक घट्ट दाबा आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडायला हवं. ते चालूच राहिलं तर प्लेट घसरते आहे. प्लेट बदलायला ट्रॅक्टर मधून दोन भाग करून उघडावा लागतो, त्यामुळे प्लेटच्या किमतीपेक्षा मजुरी जड जाते. इंजिन बंद ठेवून पीटीओचा शाफ्ट हाताने हलवा आणि त्याच्या खाचांच्या कडा बोटाने तपासा. पुढचं चाक जॅकवर उचलून वरखाली धरून हलवलं की किंगपिन आणि बेअरिंगची ढिलाई कळते.

फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला ऑइल पाझरतंय का बघा. पुढच्या आणि मागच्या टायरांचं माप कंपनीचंच हवं. पुढे भलत्या मापाचे टायर घातले की पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापू बघतात आणि त्याचा ताण गिअरांवर येतो. ह्याच कारणाने डांबरी रस्त्यावर फोर व्हील टाकून चालवू नये. टायरच्या कडेला चार आकडे असतात: ‘३२१९’ म्हणजे २०१९ सालचा ३२ वा आठवडा. नक्षी भरपूर आणि कडेला भेगा, असा टायर उन्हात उभा राहून म्हातारा झालेला असतो.

कागद

आरसी बुकावरचा चासी नंबर ट्रॅक्टरवर कोरलेल्या नंबराशी जुळवा, इंजिन नंबरही. रंगाखाली दिसत नसेल तर कागद ठेवून पेन्सिल घासा. एमएच १२, १४ की ४२ (पुणे, पिंपरी-चिंचवड की बारामती), नोंद कुठली आहे ते बघून आपल्या आरटीओत काय लागेल ते आधी विचारून घ्या. नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. चौदाव्या वर्षातला ट्रॅक्टर घेताना तो खर्च किमतीतून वळता करा. आरसीवर बँक किंवा पतसंस्थेचं कर्ज चढलेलं असेल तर ते फेडल्याचं पत्र आणि बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय इसाराच्या पुढे पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, आणि खरेदीनंतर ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. ट्रॉली मिळत असेल तर तिचं आरसी वेगळं मागा. ट्रॅक्टर सरकारी अनुदानावर घेतलेला असेल तर मंजुरीचं पत्र बघा, विक्रीवर मुदतीची अट असू शकते.

भाव ठरवताना त्याच ताकदीच्या नव्या ट्रॅक्टरचं कोटेशन आधी घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, आणि तरी जुन्या ट्रॅक्टरची किंमत आधीच्या नव्या किमतीवरून सांगणारे विक्रेते भेटतात. डिसेंबरात मोशीला किसान प्रदर्शन भरतं, तिथे एका फेरीत सगळी छोटी मॉडेलं शेजारी शेजारी बसून बघता येतात. मिस्त्रीने काढलेल्या दुरुस्त्यांचा हिशेब कागदावर मांडा आणि तो कागद समोर ठेवून बोला. कष्टाने वापरलेल्या वस्तूला मालकासमोर नावं ठेवू नका, त्याने सौदा तुटतो.

घरी आणल्यावर रानात घालायच्या आधी इंजिन, गिअर आणि हायड्रॉलिकचं ऑइल, सगळे फिल्टर बदला. पीटीओवर झाकण नसेल तर पहिल्याच दिवशी बसवून घ्या. साडीचा पदर, उपरणं, सैल बाही क्षणात ओढली जाते. अंगाने अरुंद ट्रॅक्टर बांधावर आणि उतारावर लवकर उलटतो, म्हणून आडवं चालवण्याऐवजी उताराच्या सरळ रेषेत चालवा आणि चालवणाऱ्याच्या डोक्यामागची संरक्षक कमान काढून ठेवलेली असेल तर ती मालकाकडे मागा. ऑइल बदललं ती तारीख आणि मीटरवरचे तास मडगार्डच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा.