कोकण किनारी निघालात? आधी तिथी बघा, मग तिकीट काढा

नाताळ ते ३१ डिसेंबर मालवण-तारकर्ली, नाहीतर शनिवार-रविवार गाठून अलिबाग. मुंबईत हिवाळ्याची सहल ठरते ती सुट्ट्या बघून. समुद्र मात्र तिथीवर चालतो, आणि तिथी न बघणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

कोळी मंडळींचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, त्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास भरती. ऐन सूर्यास्ताला पाणी पार वर आलेलं असतं आणि पोरांना वाळूत खेळायला पुळण उरत नाही. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी अकरा-बाराच्या सुमारास, म्हणून संध्याकाळी किनारा लांबवर मोकळा मिळतो. गावागणिक वेळ थोडी पुढेमागे होते, तेव्हा पोहोचल्यावर होडीवाल्याला विचाराच.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं असेल तर नुसती ओहोटीची वेळ पुरत नाही. अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते खरी, पण ते भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी. पाणी पुरतं हटत नाही. उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या दिवसांत वाट चांगली उघडते, मात्र भरती परतली की पाणी झपाट्याने चढतं. वेळेत बाहेर पडा. आणि ओहोटी लागलेली असताना पोहायला आत जाऊ नका, पाणी खोल समुद्राकडे ओढतं. याबाबतीत गावकऱ्यांचा शब्द शेवटचा माना.

दुसरी चूक तिकिटाची. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांची मुदत गेली. २५ डिसेंबरचं तिकीट २६ ऑक्टोबरला सकाळी आठ वाजता, पण १ जानेवारीच्या परतीचं २ नोव्हेंबरला. जाण्याचं हाती आलं की लोक निर्धास्त होतात आणि परतीची तारीख हुकते. मालवणला रेल्वे स्टेशन नाही. कुडाळला उतरायचं, पुढे साधारण ३० किलोमीटर एसटी किंवा रिक्षा. गाडी रात्री उशिरा पोहोचणार असेल तर रिक्षा आधीच सांगून ठेवा.

स्वेटरांनी बॅग भरू नका. पहाटेपुरती शाल पुरते. दुपारचं ऊन डिसेंबरातही भाजतं, त्यापेक्षा टोपी आणि सुती कपडे घ्या.

जेवणाचं मात्र आधी बोला. घरगुती खानावळीत मासळी सकाळी माणशी मोजून आणतात. बरोबरच्या काकूंचे मार्गशीर्षातले गुरुवार असतील, कोणी महिनाभर मांसाहार करत नसेल, तर आदल्या दिवशी सांगा. म्हणजे बांगड्याच्या ताटाशेजारी काळ्या वाटाण्याची आमटीही तितक्याच मायेने येईल.

फेब्रुवारीच्या सुमारास मालवणला जाणार असाल तर आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची चौकशी करा. तिची तारीख पंचांगात सापडत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. ती जाहीर झाली की मुंबईतले चाकरमानी गाड्या भरून निघतात. दर्शनाला जायचं असेल तर त्याच दिवशी आरक्षणाला लागा, निवांत किनारा हवा असेल तर ते दिवस सोडून पुढची तारीख धरा.