गाडी पेट्रोल जास्त पितेय? असं शोधा
टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा. तीनशे किलोमीटर चालवून त्याच पंपावर पहिल्या कटऑफपर्यंत (नोझल आपोआप बंद होईपर्यंत) पुन्हा भरा. किलोमीटर भागिले लिटर, हेच खरं ॲव्हरेज. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका.

ॲव्हरेज घसरलेलं असेल तर टायर थंड असताना दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा. एअर फिल्टरही पाहून घ्या. गाडी फिरवून आणल्यावर एकच रिम जास्त धगधगत असेल (हात जवळ न्या, टेकवू नका), तर तिथला ब्रेक चिकटतोय. कॅलिपरच्या (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना साफ करून ब्रेकचं ग्रीस लावा.

अर्धा तास चालवूनही तापमानाचा काटा खालीच? थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा (कूलंटचा) प्रवाह सांभाळणारा व्हॉल्व्ह, बहुधा उघडा अडकलाय. ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) इंजिन थंडच वाटतं आणि तो जादा पेट्रोल सोडत राहतो. हा दोष हमखास नजरेतून सुटतो. ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर) कूलंटचं तापमान ७० अंशांपुढे सरकत नसेल, तर थर्मोस्टॅट बदलाच.