झेनचा वॉटर पंप घरी बदलताना: सगळा वेळ पॅकिंगला द्या

पार्किंगच्या फरशीवर, इंजिनाच्या बेल्टच्या बाजूला कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची) हिरवट ओल दिसली की लोक डोळे मिटून ‘पंप गेला’ म्हणतात. असेलही. पण आधी होजच्या क्लिपा आवळून बघा, निम्म्या वेळा तिथेच भागतं. मग पंपाच्या पोटाखालचं बारीक छिद्र बॅटरी मारून बघा. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं, म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. त्यातून ओघळ आला असेल, किंवा बेल्ट काढल्यावर पुली हाताने डुगडुगत असेल, तर पंप बदलायलाच हवा. त्या छिद्रात एपॉक्सी भरा म्हणणारे भेटतात. बेअरिंग खरखरायला लागलं की मात्र ते भेटत नाहीत.

मी सांगतोय ते पेट्रोल मारुती झेनचं, ९९३ सीसीवालीचं, कारण माझे हात तिच्यावर काळे झालेत. डिझेल झेनचं इंजिन प्यूजोचं, तिला यातलं काही लागू नाही. या गाडीत पंप फिरतो बाहेरच्या फॅन बेल्टवर, पण बसलेला असतो टायमिंग कव्हरच्या मागे. म्हणजे टायमिंग बेल्ट, क्रँक आणि कॅम हे इंजिनाचे दोन दांडे एका तालात फिरवणारा दातेरी पट्टा, उतरवल्याशिवाय पंप हातात येत नाही. पंप आणायला जाल तेव्हा नवा टायमिंग बेल्टही घेऊन या. एवढं सगळं उघडून कूलंटने भिजलेला जुना बेल्ट परत चढवणं हा कंजूषपणा महागात पडतो.

गाडी पूर्ण थंड, बॅटरीची निगेटिव्ह सुटी, बेल्टच्या बाजूचं पुढचं चाक काढलेलं आणि खाली स्टँड. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली हात घालायचा नाही. कूलंट परातीत काढा आणि लगेच झाकून ठेवा. ते गोड लागतं, कुत्री चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. फॅन बेल्ट, पुल्या, कव्हर हे क्रमाने निघत जातं.

टायमिंग बेल्ट सोडण्यापूर्वी क्रँकच्या आणि कॅमच्या चाकावरच्या खुणा इंजिनावरच्या खुणांसमोर आणा. शिवाय पांढऱ्या रंगाने स्वतःच्या खुणा करा, फोटो काढा. आता बेल्ट उतरवा, आणि त्यानंतर चाकांना हात लावू नका.

इथपर्यंत कुणालाही जमतं. पुढचा तास मात्र मला दोनदा रडवून गेलाय.

बोल्ट काढले तरी जुना पंप सुटत नाही, पॅकिंगने, म्हणजे पंप आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यामधल्या पातळ गॅस्केटने, चिकटून बसलेला असतो. फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचा मोह होतो. मी तेच केलं होतं. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, पोलादापुढे तो लोण्यासारखा. नखाला लागेल न लागेल असा एक ओरखडा पडला, नवा पंप बसवला आणि तिसऱ्या दिवशी फरशी पुन्हा हिरवी. पंपाला लाकडी ठोकळा लावून हलक्या हाताने चहूबाजूंनी ठोका. सुटतो. वेळ लागतो, पण सुटतो.

मग ब्लॉकवर उरलेलं जुनं पॅकिंग. आधी पाण्याच्या तोंडात एक मोठी चिंधी कोंबा. एकच आणि मोठी, म्हणजे आत विसरणार नाही. पॅकिंग पातळ थिनरने भिजवा, पंधरा मिनिटं थांबा आणि प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढा. ब्लेड वापरायचंच असेल तर अगदी आडवं धरा. पॉलिश पेपर नको. त्याने कडा गोल होतात आणि भुकटी आत जाते. वायर ब्रश लावलेली ड्रिल तर दाराबाहेर ठेवा. जागा साफ झाली हे डोळ्यांनी ठरवू नका, बोट फिरवा. बोटाला कुठे खडबडीत लागलं तर काम राहिलंय.

आता सिलिकॉन, म्हणजे फटी बुजवायची नळीतली पेस्ट. नळी पिळून जाड वेटोळं घालायची पद्धत मला अजिबात मान्य नाही. बाहेर दाबून आलेलं तुम्हाला दिसतं, तेवढंच आतही येतं, तुटतं आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतं. पृष्ठभाग चांगला असेल तर पॅकिंग कोरडं लावा. पंपासोबत आलेलंच लावा, पुठ्ठा कापून केलेलं नको.

माझी दुसरी चूक: ‘गळायला नको’ म्हणून बोल्ट जीव खाऊन आवळले. एक तुटला, दुसऱ्याचे आटे गेले आणि रविवारी लेथवाला शोधत फिरलो. या बोल्टांना १० ते १३ न्यूटन-मीटर पुरे, म्हणजे फारच थोडं. टॉर्क रेंच (किती जोर लागला ते दाखवणारा पाना) मागून आणा, पण आणा. आधी आट्यांमधली घाण काढा, सगळे बोल्ट हाताने बसवा, मग समोरासमोरचे पाळीपाळीने दोन-तीन फेऱ्यांत कसा.

पंपाच्या वर आणि खाली, सिलिंडर हेड आणि ऑइल पंपालगत, दोन रबरी तुकडे बसतात. बेल्टपर्यंत धूळ-पाणी जाऊ नये म्हणून ते असतात. जोडणी झाल्यावर टेबलावर उरलेले हमखास हेच दिसतात.

नवा टायमिंग बेल्ट खुणा जुळवून चढवा. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) सैल ठेवून क्रँक पान्याने घड्याळाच्या दिशेने पूर्ण दोन फेरे फिरवा, मग टेन्शनर कसा आणि खुणा पुन्हा बघा. दात चुकला असेल तर उतरवा. ‘चालेल’ म्हणू नका.

बाकी उलट क्रमाने.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी घालाल तर आत क्षार धरतो. हळूहळू ओता, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि रेडिएटरचं झाकण उघडं ठेवूनच इंजिन सुरू करा. बुडबुडे थांबून फॅन लागेपर्यंत पातळी भरत राहा, मग झाकण लावा. गरम गाडीचं लावलेलं झाकण नंतर उघडायचं नाही, कितीही उत्सुकता असली तरी.

रात्री गाडीखाली कोरडा पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी थंड इंजिनात पातळी बोटभर उतरलेली असेल तर ती अडकलेली हवा निघाल्याने, तेवढं भरून घ्या. पुठ्ठ्यावर डाग असेल तर मात्र रविवार पुन्हा मोकळा ठेवा.