टोचनचं भाडं का फुगतं? गाडी बंद पडल्यावर या चुका टाळा

"साताऱ्यापासून कास पंचवीस किलोमीटर. त्याचे चार हजार कसे होतात?" क्रेनवाल्याशी वाद साधारण याच वाक्यापासून सुरू होतो. गाडीवाल्याला वाटतं, अडचणीत बघून लुटलं. क्रेनवाला म्हणतो, फोनवर एक सांगितलं आणि जागेवर भलतंच निघालं. बऱ्याचदा दोघांचंही खरं असतं. खासगी टोइंगला, म्हणजे टोचनला, रिक्षासारखं मीटर नाही. भाडं ठरतं ते फोनवरच्या दोन मिनिटांत, आणि त्या दोन मिनिटांत जे सांगायचं किंवा विचारायचं राहून जातं, त्याचे पैसे नंतर मोजावे लागतात.

किलोमीटर फक्त आपल्या बाजूचे मोजणे

आपण मोजतो गाडी जिथे बंद पडली तिथून गॅरेजपर्यंत. क्रेनवाला मोजतो त्याच्या अड्ड्यापासून तुमच्यापर्यंत, तिथून गॅरेजपर्यंत आणि मग पुन्हा अड्ड्यापर्यंत. डिझेल तिन्ही टप्प्यांत जळतं, त्यामुळे त्याचा हिशोब चुकीचा म्हणता येत नाही. तो आधी सांगितलेला नसतो, ही खरी अडचण.

भाड्याचा सांगाडा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. एक ठरलेली किमान रक्कम, तिच्यात सुरुवातीचे काही किलोमीटर धरलेले, आणि त्यापुढे किलोमीटरमागे दर. समजण्यासाठी आकडे मानून चालू. हे कुणाचं दरपत्रक नाही. किमान १५०० रुपये, त्यात पहिले १० किलोमीटर, पुढे किलोमीटरला २५ रुपये. कासहून साताऱ्यात गाडी आणायची म्हटल्यावर तुमच्या मनातला हिशोब असा: २५ वजा १० म्हणजे १५ किलोमीटर, त्याचे ३७५, एकूण १८७५. क्रेनवाला जाऊन-येऊन ५० किलोमीटर धरतो. त्यातले १० गेले, ४० राहिले, त्याचे १०००, म्हणजे २५०० झाले. आता गाडी रस्त्यावर नसून कडेच्या चारीत उतरलेली निघाली, विंच (तार गुंडाळून ओढणारं यंत्र) लावून ओढून काढायचे १००० धरा. रात्रीचे नऊ वाजून गेलेत, रात्रीचा आकार ५००. झाले ४०००. पक्कं बिल मागितलं की वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ७२०.

फसवणूक यात कुठेच नाही, पण फोनवर "किती घेणार?" एवढंच विचारलं तर उत्तर १५०० हेच येतं. म्हणून प्रश्न असा विचारा: "जाऊन-येऊन, टोल, रात्रीचा आकार, गाडी चढवायची-उतरवायची मजुरी, सगळं धरून किती? आणि यापेक्षा जास्त कधी होईल?" यातला दुसरा प्रश्न जास्त कामाचा. सरळ माणूस लगेच सांगतो की गाडी खाली उतरलेली असली तर इतके वाढतील, दोन तास थांबावं लागलं तर इतके. जो "या की साहेब, बघू जागेवर" म्हणतो, त्याला मी तरी गाडी देणार नाही. ठरलेली रक्कम आणि कुठून कुठे हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा आणि त्याच्याकडून "ओके" येऊ द्या.

साताऱ्यातून पुण्याला किंवा कोल्हापूरला गाडी न्यायची असेल तर परतीची गाडी मिळते का, हेही विचारून पाहावं. पुण्याची क्रेन कराडला गाडी सोडून रिकामी परत चालली असेल, तर ती पुण्याकडचं भाडं कमी घेते. त्यासाठी दोन-चार तास थांबायची तयारी मात्र हवी.

"गाडी बंद पडलीय" एवढंच सांगून फोन ठेवणे

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. बंद पडलेल्या गाडीचे दहा प्रकार असतात, आणि कोणतं वाहन पाठवायचं हे त्यावर ठरतं. चुकीचं वाहन आलं तर त्याची रिकामी फेरी तुमच्याच अंगावर पडते.

पहिली गोष्ट, चाकं फिरतात का? बॅटरी उतरली किंवा इंजिन गरम झालं तर गाडी न्यूट्रलमध्ये ढकलता येते, काम सोपं. पण धडकेत पुढचं चाक आत गेलंय, स्टेअरिंग लॉक आहे, चावी हरवलीय किंवा ऑटोमॅटिक गाडीचा गिअर 'पी'वर अडकलाय, तर तिला वर घ्यायला वेगळी तजवीज आणि जास्त वेळ लागतो. ऑटोमॅटिकमध्ये गिअर लिव्हरजवळ शिफ्ट लॉक सोडवायची सोय बऱ्याचदा असते, गाडीच्या पुस्तिकेत बघा. नुसती बॅटरी गेली असेल तर आधी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जम्पर केबल लावून पाहा, टोचनची गरजच राहणार नाही.

दुसरी गोष्ट, कोणती चाकं ओढतात? स्विफ्ट, वॅगनआर, आय-टेन, नेक्सॉन या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या. त्यांची पुढची चाकं उचलून मागची रस्त्यावर फिरत नेली तरी चालतं, आणि ही पद्धत स्वस्त पडते. बोलेरो, इको, इनोव्हा क्रिस्टा मागच्या चाकांवर चालतात. त्यांची पुढची चाकं उचलून लांब नेलं तर मागचा सगळा संच फिरत राहतो, आणि गाडी ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सची वाट लागते, कारण इंजिन बंद असताना त्याला तेल पुरवणारा पंपही बंद असतो. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्या आणि इलेक्ट्रिक गाड्या यांना फ्लॅटबेडच हवी, म्हणजे सपाट पाठीची गाडी, चारही चाकं वर. इलेक्ट्रिक गाडीची चाकं फिरली की मोटरही फिरते आणि नुकसान होऊ शकतं. फ्लॅटबेडचं भाडं जास्त असतं, पण वाचवलेले हजार-दोन हजार गिअरबॉक्सच्या बिलापुढे काहीच नाहीत.

तिसरी गोष्ट, गाडी आहे कुठे? रस्त्यावर, साइडपट्टीवर, चारीत, उसाच्या रानात की पुलाखाली? नुसती वाहून नेणं वेगळं आणि खालून वर काढणं वेगळं. दुसऱ्या कामाला विंच किंवा हायड्रा (वजन उचलणारी चाकांवरची क्रेन) लागते, आणि हायड्राचं भाडं तासावर असतं, तेही अड्ड्यावरून निघाल्यापासून. कासला फुलांच्या हंगामात पावसाने ओल्या झालेल्या कडेला गाड्या रुततात, तिथे मात्र आपल्याकडे जुना उपाय आहे: जवळच्या वस्तीवरचा ट्रॅक्टर. चहापाण्यावर काम होऊन जातं. फक्त साखळी टोइंग हुकलाच लावू द्या. हा हुक बहुतेक गाड्यांत टूलकिटमध्ये असतो आणि बंपरवरचं छोटं झाकण काढून तिथे आटे फिरवून बसवायचा असतो. बंपरला किंवा सस्पेन्शनच्या दांड्याला साखळी लावली तर गाडी चारीतून वर येते आणि गॅरेजचा खर्च मात्र खाली जात नाही.

गाडीत सामान किती आहे, टपावर कॅरिअर आहे का, ग्राउंड क्लिअरन्स फार कमी आहे का, हेही सांगा. सोपा मार्ग म्हणजे चारही बाजूंनी फोटो काढून पाठवणे. त्याचा दुसरा फायदा असा की उतरवताना नवा ओरखडा दिसला तर वाद घालायला पुरावा राहतो.

जागा मोघम सांगणे

"खंबाटकीत आहे" हे अपुरं. पुण्याहून येताना की पुण्याला जाताना? दुभाजक असलेल्या महामार्गावर क्रेन चुकीच्या बाजूला आली तर वळायला कित्येक किलोमीटर पुढे जावं लागतं. किलोमीटरचा दगड दिसत असेल तर त्यावरचा आकडा सांगा, लाइव्ह लोकेशन पाठवा. साताऱ्यात पोवई नाक्याला असाल तर ग्रेड सेपरेटरच्या (भुयारी रस्त्याच्या) आत की वर, हेही बोला.

घाटात भाडं वेगळं लागतं आणि त्याला कारण आहे. पसरणी घाटाच्या वळणांवर लांब फ्लॅटबेड सहज वळत नाही. शनिवार-रविवारी महाबळेश्वरची गर्दी असली की अंतर कमी असूनही अर्धा दिवस जातो. पावसाळ्यात केळघर आणि आंबेनळीत दरड येते, तेव्हा क्रेन वळसा घालून येते आणि किलोमीटर वाढतात. ऊसतोडीच्या दिवसांत कराड-ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर) भागात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे क्रेनही तशीच सरकते. अशा ठिकाणी किलोमीटरच्या दराची घासाघीस करण्यापेक्षा एकरकमी ठरवावं.

महामार्गावर आधी खासगी क्रेनला फोन करणे

पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्गावर शिरवळपासून कराडपर्यंत कुठेही गाडी बंद पडली तर पहिला फोन १०३३ ला करा. ही राष्ट्रीय महामार्गाची चोवीस तासांची मदत सेवा आहे. टोल घेणाऱ्या कंपनीने गस्तीची गाडी, रुग्णवाहिका आणि क्रेन ठेवणं अपेक्षित असतं, आणि ती क्रेन तुमची गाडी वाहतुकीतून काढून सुरक्षित जागी आणते. तुमच्या गॅरेजपर्यंत सोडणं हे तिचं काम नाही. पण मुख्य रस्त्यावरून गाडी बाजूला आली की पुढचं सगळं बदलतं. खासगी क्रेनवाल्याला जोखीम कमी, तुम्हाला घाई नाही, चार ठिकाणी दर विचारता येतो. भर महामार्गावर ट्रक अंगावरून जात असताना कोणी शांतपणे भाव करू शकत नाही, आणि हे समोरच्यालाही कळतं.

कोणीही न बोलावता पाच मिनिटांत क्रेन येऊन उभी राहिली, तर हुक लावण्याआधी भाडं, कुठे नेणार आणि कोणी पाठवलं, हे तिन्ही विचारा. एकदा गाडी वर चढली की बोलण्यात जोर राहत नाही.

पैसे वाचवायला दोरीने ओढत नेणे

दोन-तीन किलोमीटरवरच्या गॅरेजसाठी लोक हे करतात. करायचंच तर नियम पाळून करा. दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नको, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, मागच्या गाडीत परवानाधारक माणूस स्टेअरिंगवर, आणि मागे गाडी ओढून नेत असल्याचा फलक. इंजिन बंद असल्याने ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टेअरिंग काम करत नाही. पहिल्या एक-दोन दाबांनंतर ब्रेक पायाला दगडासारखा लागतो. सपाट रस्त्यावर ते निभतं. यवतेश्वरच्या उतारावर किंवा कोणत्याही घाटात दोरीचं नावही काढू नका.

गाडी दोनदा उचलायला लावणे

रात्री घाबरून गाडी जवळच्या गॅरेजला टाकली जाते. सकाळी मिस्त्री म्हणतो, हे कंपनीतच होईल. पुन्हा क्रेन, पुन्हा किमान रक्कम, पुन्हा चढवणं-उतरवणं. काही महागड्या गाड्यांचं सर्व्हिस सेंटर पुण्यात किंवा कोल्हापुरातच सापडतं, तिथे ही चूक जास्त झोंबते. गाडी वॉरंटीत आहे का, बिघाड फिटरच्या आवाक्यातला आहे का, हे क्रेन ठरवण्याआधी फोनवर विचारून घ्या. रात्र काढायचीच असेल तर ओळखीच्या पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलच्या आवारात परवानगी घेऊन गाडी लावा आणि सकाळी एकदाच, योग्य जागी न्या. अपघाती गाडी यार्डात राहिली तर दिवसाचं भाडं चढतं. ते किती आणि कधीपासून, हेही आधी विचारायचं.

विमा आहे म्हणून निर्धास्त राहणे

साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत खासगी मोटारीला अपघातानंतर जवळच्या दुरुस्तीच्या जागेपर्यंत नेण्यासाठी साधारण १५०० रुपयांपर्यंतच मिळतात. आणि अपघात झाला तरच. बॅटरी उतरली, क्लच गेला, याला त्यात जागा नाही. त्यासाठी रोडसाइड असिस्टन्सचं (रस्त्यात बंद पडल्यावरच्या मदतीचं) वेगळं कलम घ्यावं लागतं, आणि त्यात मोफत किलोमीटरची मर्यादा असते. मर्यादेपुढचे पैसे तुमचे. आधी विमा कंपनीला फोन न करता स्वतः क्रेन आणली तर पैसे परत मिळतीलच असं नाही. फोन करा, तक्रार क्रमांक घ्या, त्यांची क्रेन किती वेळात येईल ते विचारा. उशीर होणार असेल तर "मी बाहेरून बोलावू का?" याचं उत्तर मेसेजवर घ्या. पावतीवर तारीख, गाडी क्रमांक, कुठून कुठे आणि रक्कम हवी.

सांगलीकरांसाठी एक वेगळी गोष्ट. २०१९ आणि २०२१ च्या पुराने शिकवलेली. पाण्यात बुडालेली गाडी "बघू तरी" म्हणून सुरू करू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिनचं असं नुकसान विमा कंपनी अनेकदा नाकारते. पूर ओसरल्यावर सगळ्यांना एकाच वेळी क्रेन हवी असते, दर चढतातच. 

पोलिसांनी उचललेल्या गाडीला हाच हिशोब लावणे

हे टोइंग वेगळं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२७ नुसार मनाई असलेल्या जागी लावलेली किंवा सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त बेवारस सोडलेली गाडी पोलीस हलवू शकतात, आणि हलवण्याचा खर्च दंडाशिवाय मालकाकडून वसूल होतो. इथे घासाघीस चालत नाही. पण दंड किती आणि टोइंगचा आकार किती हे पावतीवर वेगवेगळं दिसायला हवं, ते मागून घ्या. बंद पडलेली गाडी महामार्गाच्या कडेला सोडून घरी जाणाऱ्यांनाही हेच कलम लागू होऊ शकतं. तेव्हा गाडी सोडून जायचंच असेल तर मागे धोक्याचा त्रिकोण ठेवा आणि १०३३ किंवा ११२ ला कळवून जा. गाडी ताब्यात घेताना बंपर, आरसे आणि चाकांच्या रिम तिथेच, कर्मचाऱ्यासमोर तपासा. आवाराबाहेर पडल्यावर दाखवलेला ओरखडा कोणी मान्य करत नाही.